मागून

टॉवेलच्या थप्पीला टेकवून ठेवलाय फोन,
एमआयडीसीत, चेकिंगच्या टेबलावर, दुसऱ्या पाळीत.
स्क्रीनला आडवा तडा.
तड्याच्या वर जपानचा संघ, खाली आपला.
इथं साडेतीन, तिथं संध्याकाळचे सात,
दिवे लागलेत मैदानावर.

आशियातल्या क्लबांची स्पर्धा, बायकांची.
शेजारच्या टेबलावरून अंबूबाई:
"म्हणजे देश-देश नव्हं?"
नाही. क्लब.
"मग गिरण्यांच्या टीमा असायच्या, तसं की."
हां, तसंच.
फक्त गिरण्या चालू आहेत तिकडच्या.

रजिता गुंडेटी, नंबर चार, विडी घरकुलची.
मी गोलमध्ये, ती माझ्यापुढं,
तीन वर्षं शाळेला, दोन वर्षं जिल्ह्याला.
तिचा चेहरा मला धड सांगता यायचा नाही,
पाठ विचारा.
डावा खांदा बोटभर खाली.
वेणीला तीन काळे रबर.
बॉल डोक्यावरून जाणार असला
तर आधी पोटऱ्यांना कळायचं तिच्या,
आणि पोटऱ्यांवरून मला.

गड्डा उठला की होम मैदान आमचं.
पाळण्यांच्या जागेवरचे खिळे वेचायचो आधी,
डबाभर निघायचे,
भंगारवाला त्याचे लिंबू-सरबताइतके पैसे द्यायचा.

"मागं!" म्हटलं तर ती जराशी उशिरा वळायची.
"वेनक चूडू!" म्हटलं की तिथल्या तिथं.
आईच्या भाषेत मान लवकर वळते.
माझं तेलुगू तेवढंच झालं, गोलपुरतं:
वेनक चूडू, मागं बघ.
वदिलेय, सोड.
नादी, माझा आहे.

पुण्याहून माणसं आली त्या दिवशी
मला भिंतीला उभं करून टेप लावला.
पाच फूट एक.
ते काही वाईट बोलले नाहीत, टेप गुंडाळला.
आता टेप माझ्या हातात असतो.
तीस बाय साठ.
इंचभर कमी भरला की कोपऱ्यावर खडूची फुली,
माल सेकंडमध्ये.

बावन्नावं मिनिट. तिसरा गोल.
कोनापुरे सुपरवायझर मागं येऊन उभे.
मी फोन पालथा घालणार, तोवर ते,
"किती झालं बे?"
तीन-शून्य.
"कुणाचे तीन?"
त्यांचे.
"मग बघतीस कशाला?"
म्हणाले, आणि तिथंच थांबले.

कॅमेरा बाजूनं दाखवतो सगळं.
बाजूनं मला ती ओळखूच येत नव्हती,
केस कापलेत, चालही कुणीतरी शिकवलेली.
जवळून दाखवली एकदा,
हनुवटीवर खूण आहे तिच्या, जुनी.
कधीची? मला माहीतच नव्हती.

उजवीकडून उंच बॉल आला,
तिच्या खांद्यामागं नऊ नंबरवाली मोकळी,
आणि मी ओरडले,
पोटापासून, होम मैदानावरच्यासारखी,
"वेनक चूडू!"

अख्ख्या चेकिंगनं मागं वळून पाहिलं.
अंबूबाई, पद्मा, कोपऱ्यातल्या दोघी नव्या पोरी,
कोनापुरेसुद्धा, त्यांना तेलुगू येत नाही तरी.
मागं काही नव्हतं, ट्रॉली होती.
एकटी रजिता तेवढी वळली नाही.
चार-शून्य.

मग परत दाखवला तो गोल, जाळीमागून.
जाळीच्या चौकटींतून ती पाठ.
खांदा, बोटभर खाली.
जात होती मधल्या रेषेकडं, न वळता,
आणि उजवा हात मागं घेतला तिनं,
पंजा उघडा, एकदाच हलवला:
जाऊ दे.
गोलवर त्यांची मणिपूरची पोरगी आहे, उंच.
तिच्यासाठीच होता तो हात, मला काय कळत नाही का.
तरी मी मान हलवली.

हातातला टॉवेल मोजायचा राहिला होता.
मोजला. भरला बरोबर.

"इतकं बोंबललीस, जिंकली का?" अंबूबाई.
नाही. पण गटात अजून दोन मॅच आहेत.
रविवारची दुपारी बारालाच आहे,
आणि पुढच्या आठवड्यात माझी पहिली पाळी.
कोनापुरेंना विचारलं बदलून देता का.
बघू म्हणाले,
आणि त्यांचीच चार्जरची वायर देऊन गेले.